पसरणीच्या घाटात सल्ल्यांची परीक्षा

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता करायच्या, असा ट्रायथलॉन नावाचा खेळ आहे. आजच्या स्वरूपात तो १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे प्रथम खेळला गेला आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशी अंतरे असतात. याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीही होतात. २०१९ साली गोव्यात पणजी येथे झालेल्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून वर २१.१ किलोमीटर धावायचे होते.

महाराष्ट्रात या खेळाची हौस वाढली तशी घाटांतली वर्दळही वाढली. घाट चढणाऱ्याचे कौतुक आपल्याला नवे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. साताऱ्याला दर वर्षी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून अर्धमॅरेथॉन धावली जाते. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट हाही असाच सरावाचा रस्ता आहे.

खेळाबरोबर सल्लेही आले. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, क्लबांच्या पत्रकांत, प्रशिक्षकांच्या बोलण्यात ते सर्वत्र आढळतात, आणि तेथून ते शाळेच्या मैदानावर पोहोचतात. क्रीडाशिक्षक ते मुलांना सांगतात आणि विज्ञानशिक्षकाकडे मुले त्यांची कारणे विचारायला येतात. म्हणून या सल्ल्यांची परीक्षा करणे हे आपलेही काम आहे. पोहण्याचा भाग येथे बाजूला ठेवू आणि सायकल व धावणे यांविषयीचे काही प्रचलित सल्ले पसरणीच्या घाटात नेऊन पाहू.

सल्ल्यांची भाषा

हे सल्ले एकत्र वाचले की एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. प्रत्येकात एक आकडा असतो आणि एक आज्ञार्थी क्रियापद. पायडल मिनिटाला ९० वेळा फिरवा. पावले मिनिटाला १८० टाका. नाडी २२० वजा वय याच्या पुढे जाऊ देऊ नका. अंतर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका. तीन किलोमीटर सायकल म्हणजे एक किलोमीटर धावणे समजा.

या वाक्यांत कर्ता कोठेच नाही. ९० वेळा कोणी फिरवायचे? कोणत्या सायकलवर, कोणत्या रस्त्यावर? प्रयोगवहीत ‘पाणी ९६ अंशांना उकळले’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, कोठे उकळले? वाताचा दाब किती होता? सल्ल्यातला आकडाही कोणीतरी, केव्हातरी, कोणाच्या तरी शरीरावर घेतलेले मापच असते. फरक एवढाच की, सल्ला होताना त्याच्या अटी गळून पडलेल्या असतात. त्या अटी परत जोडणे म्हणजेच सल्ल्याची परीक्षा.

नव्वद फेऱ्या

प्रथम घाटाचे माप घेऊ. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी साधारण १३०० मीटरवर. रस्ता सुमारे १२ किलोमीटरचा. म्हणजे १२ हजार मीटर जाताना ५८० मीटर चढायचे. सरासरी चढ शंभराला पाचच्या जवळपास.

आता ५५ किलोग्रॅम वजनाचा, दहावीतला एक मुलगा २० किलोग्रॅमची साधी, गियर नसलेली सायकल घेऊन हा घाट तासाभरात चढला असे धरू. एकूण वस्तुमान ७५ किलोग्रॅम. ७५ गुणिले ९.८ गुणिले ५८० म्हणजे सुमारे ४ लाख २६ हजार ज्यूल कार्य केवळ वर चढण्यासाठी झाले. तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे ११८ वॅट. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी तीसेक वॅट धरले की सुमारे १५० वॅट होतात. शर्यतीतल्या तयार खेळाडूला हे फार नाही. शाळकरी मुलाला मात्र ही तासभर टिकवण्याची शक्ती बरीच आहे.

आता सायकलचे दाते मोजू. पुढच्या चाकीला ४४ आणि मागच्या चाकीला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल ५.४ मीटर पुढे जाते. तासाला १२ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २०० मीटर. म्हणून या मुलाच्या फेऱ्या मिनिटाला ३७ होतात. ९० फेऱ्या करायच्या तर त्याला तोच घाट तासाला २९ किलोमीटर वेगाने चढावा लागेल. ते जगज्जेत्यांनाही सोपे नाही, आणि त्यांची सायकल तर या सायकलच्या निम्म्याहूनही हलकी असते.

ही झाली सायकलची अट. शरीराचीही अट आहे. प्रयोगशाळेत प्राणवायूचा वापर मोजला, तेव्हा हलक्या श्रमाला मिनिटाला ५० ते ७० फेऱ्या सर्वांत काटकसरीच्या ठरल्या. सरावलेले खेळाडू तरीही ९० च्या आसपास फेऱ्या पसंत करतात, कारण त्यांची शक्ती जास्त असते आणि फेऱ्या वाढवल्या की प्रत्येक फेरीतला पायावरचा जोर कमी होतो. म्हणजे ९० हा आकडा खोटा नाही. तो गियरच्या सायकलचा, सपाटीचा आणि सरावलेल्या पायांचा आहे.

आपल्या मुलाच्या पायावर किती जोर येतो तेही काढता येते. १५० वॅट शक्ती, मिनिटाला ३७ फेऱ्या आणि पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर धरला, तर फेरीभरचा सरासरी जोर सुमारे २३० न्यूटन येतो. पायडलवरचा जोर फेरीभर सारखा नसतो; पाय खाली दाबताना तो सरासरीच्या दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे मुलाच्या वजनाच्या फार खाली नव्हे. म्हणूनच चढावर मुले सीटवरून उठून उभ्याने सायकल मारतात. तसे करताना ती चुकत नसतात. त्यांच्या चाकीच्या दात्यांनी त्यांना दुसरा मार्ग ठेवलेला नसतो. त्या मुलाला ‘तुझी लय चुकते’ असे सांगणारा सल्ला त्या दृष्टीने अशास्त्रीय आहे. खरा सल्ला सोपा आहे: मागे जास्त दात्यांची चाकी बसव, नाही तर चढ फार झाला की उतरून सायकल हातात धर.

पावलांच्या १८० या आकड्याची कथाही अशीच आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाने धावपटूंची पावले मोजली, तेव्हा जवळपास सर्वांची पावले मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते. पावलांची संख्या वेगाबरोबर आणि पायाच्या लांबीबरोबर बदलते. सावकाश धावणाऱ्या उंच मुलीची पावले १६० भरली तर तो दोष नव्हे. फार लांब ढांगा टाकून टाचेवर आदळणाऱ्याला ‘थोडी छोटी, थोडी जास्त पावले टाक’ असे सांगणे मात्र उपयोगी पडते. त्यासाठी १८० ची गरज नाही.

तीन किलोमीटर सायकल, एक किलोमीटर धावणे

दोन्ही खेळांचा सराव एकत्र करणाऱ्याला हा हिशेब हवा असतो. सपाटीवर तो ठीक उतरतो. धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. ५५ किलोग्रॅमचा आपला मुलगा सपाटीवर १२ किलोमीटर धावला तर ६६० किलोकॅलरी. तेच अंतर तो सायकलवर मध्यम वेगाने गेला तर याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागते. सायकलवर शरीराचे वजन सीटवर टेकलेले असते आणि प्रत्येक पावलाला ते उचलावे लागत नाही, हे त्याचे मुख्य कारण.

घाटात मात्र वजन उचलावेच लागते, शिवाय सायकलचेही. तासभर १५० वॅट म्हणजे ५ लाख ४० हजार ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता शेकडा २३ धरली, तर अन्नातून सुमारे ५६० किलोकॅलरी खर्च व्हाव्या लागतात. हा खर्च सपाटीवर १० किलोमीटर धावण्याएवढा आहे. सूत्राप्रमाणे मात्र १२ किलोमीटर सायकल म्हणजे ४ किलोमीटर धावणे. सूत्र पाळणाऱ्याने ‘आज कमीच झाले’ म्हणून संध्याकाळी आणखी धावणे घेतले, तर तो एका दिवसात दोन दिवसांचे श्रम करील. परतीच्या वाटेवर उलटे घडते. वाईपर्यंत सायकल आपोआप घरंगळते, पायांना जवळपास काम नसते. चढताना साठवलेली ४ लाख २६ हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत आणि ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी उकळीला येईल! ‘उतार म्हणजे विश्रांती’ असे सांगणाऱ्याने ब्रेकचे रबर आणि वळणे आधी पाहावीत.

या सूत्राचा खरा दोष मात्र याहून खोल आहे. खर्च झालेली ऊर्जा सारखी असली, तरी शरीराला घडलेला सराव सारखा नसतो. सायकलने हृदय आणि फुप्फुसे तयार होतात. हाडांना मात्र धक्के बसत नाहीत. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर जमिनीकडून पायावर येतो; १२ किलोमीटरला असे दहा-बारा हजार धक्के. हाडे आणि स्नायुबंध या धक्क्यांना सरावतात, पण हृदयापेक्षा सावकाश. म्हणून वर्षभर सायकल मारणारा खेळाडू धावायला लागतो तेव्हा त्याचा दम पुरतो आणि नडगी दुखते. दम पुरतो म्हणून तो थांबत नाही, आणि तेथेच घात होतो.

दुसऱ्या दिवशीचे दुखणे

‘लॅक्टिक आम्ल साठले म्हणून पाय दुखतात’ हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकी ज्ञानाचाही भाग झाले आहे. पुष्कळ सल्ले त्यावर उभे आहेत: आम्ल निघून जावे म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावा, मालिश करा, पाय चोळा. स्नायूंतील या आम्लावर काम करणारे ओटो मायरहोफ आणि स्नायूंतील उष्णता मोजणारे ए. व्ही. हिल यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून या आम्लाकडे थकव्याचा आरोपी म्हणूनच पाहिले गेले. पुढे १९८० च्या दशकात जॉर्ज ब्रुक्स यांनी दाखवून दिले, की एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. श्रम थांबल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्ववत होते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येते. जो तासाभरात निघून गेला, तो परवाच्या दुखण्याचा आरोपी कसा?

याची थेट परीक्षा १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झाली. काही जणांना फिरत्या पट्ट्यावर सपाट धावायला लावले आणि काहींना उतारावर. सपाट धावणाऱ्यांच्या रक्तातील लॅक्टेट वाढले, पण पुढे त्यांचे पाय फारसे दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, आणि पाय मात्र दुखले.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू शरीराला आवरून धरतात. ते ताण धरतात आणि त्याच वेळी लांबतात. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, सूज येते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी जाणवते. सायकलवर चढताना स्नायू आखडत काम करतात. हा लांबण्याचा प्रकार जवळपास नसतोच. म्हणून पसरणीचा घाट सायकलवर चढणारा धापा टाकतो, पण दुसऱ्या दिवशी जिना सहज उतरतो. पाचगणीहून वाईला धावत उतरणाऱ्याला वाटेत दम लागत नाही, पण पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो. जुन्या समजुतीप्रमाणे हे उलटे व्हायला हवे होते.

यातून निघणारा सल्लाही वेगळा आहे. उताराचा सराव हा वेगळा सराव आहे. तो थोड्या अंतरापासून सुरू करावा. एकदा बेताचा उतार धावल्यावर पुढचे काही आठवडे त्याच उताराचे दुखणे कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. आणि दुखऱ्या पायांनी ‘आम्ल काढण्यासाठी’ मुलाला पळवू नये.

पाचगणीची हवा

‘उंचावर सराव केला की रक्त वाढते, म्हणून पाचगणीला सराव करा’ हा सल्ला ऐकायला शास्त्रीय वाटतो. १३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८६ टक्के असतो. प्राणवायूचे प्रमाण तेच, शेकडा २१. पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. वाईलाच हा दाब ९२ टक्क्यांवर आलेला असतो. प्रश्न असा, की एवढी घट रक्तातील तांबड्या पेशी वाढवायला पुरेशी आहे का?

या विषयावरील एका गाजलेल्या प्रयोगात, १९९७ साली, लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी ३९ धावपटूंचे तीन गट केले. एक गट उंचावर राहिला आणि उंचावरच सराव केला. दुसरा उंचावर राहिला, पण सरावाला खाली उतरला. तिसऱ्याने दोन्ही खालीच केले. चार आठवड्यांनंतर ५००० मीटर शर्यतीतला वेळ सुधारला तो मधल्या गटाचा. यात ‘राहण्याची’ उंची होती २५०० मीटर, आणि ‘खाली’ म्हणजे १२५० मीटर. पाचगणीची उंची या प्रयोगातल्या ‘खाली’च्या जवळ आहे! ज्या प्रयोगाच्या बळावर उंचीचे गुण सांगितले जातात, त्याच प्रयोगात पाचगणीसारखी उंची जोरात धावण्यासाठी उतरण्याची जागा होती.

मग पाचगणीला जाऊच नये काय? अवश्य जावे, पण योग्य कारणासाठी. उन्हाळ्यात ती वाईपेक्षा तीन-चार अंशांनी तरी थंड असते, आणि गारव्यात लांबचा सराव कमी त्रासाचा होतो. टेबल लँडच्या जांभ्याच्या पठारावर सपाट धावता येते, आणि चढ हवा तेव्हा घाट आहेच. हे फायदे खरे आहेत. रक्त वाढण्याचा फायदा त्यांत मिसळू नये.

पाचगणीच्या हवेवरच्या श्रद्धेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. क्षयरोगावर औषध नव्हते तेव्हा डोंगरावरची कोरडी, स्वच्छ हवा हाच उपाय समजला जाई. पाचगणीला आरोग्यधामे उभी राहिली, डॉ. बिलिमोरियांचे बेलएअर त्यांतले नावाजलेले. रुग्ण बरे होऊन गेले की श्रेय हवेला मिळे. पण त्याच काळात घरी राहिलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, हे कोणी शेजारी मांडून पाहत नसे. ती मांडणी मद्रासला झाली. १९५६ साली सुरू झालेल्या तेथील अभ्यासात रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना तीच औषधे दिली. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा गरीब वस्तीतल्या आपल्या घरी. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहणारेही जवळपास तेवढेच बरे झाले होते. चांगली हवा वाईट ठरली नाही, पण बरे करणारी गोष्ट औषध होती. सरावाच्या सल्ल्याला हाच प्रश्न विचारायचा असतो: ज्यांनी हे केले नाही, त्यांचे काय झाले?

या प्रश्नाला विजेत्यांची उदाहरणे उत्तर देऊ शकत नाहीत. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांचे यश आपल्या सर्वांना अभिमानाचे आहे. पण त्या दुष्काळी भागात धावून मोठ्या झाल्या, यावरून ‘मुलांना उन्हात धावायला लावा’ असा सल्ला काढता येत नाही. त्याच रस्त्यांवर धावून जखमी झालेल्या, सोडून गेलेल्या मुली आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत.

दोनशेवीस वजा वय

नाडीच्या कमाल ठोक्यांचे हे सूत्र सर्वांत जास्त वापरले जाते, आणि त्याचा पाया सर्वांत भुसभुशीत आहे. १९७१ साली फॉक्स आणि सहकाऱ्यांनी एका लेखात आधीच्या अभ्यासांतले बिंदू एका आलेखावर मांडले होते. त्यांतून जाणारी साधारण रेषा म्हणजे २२० वजा वय. सूत्र ठरवण्यासाठी तो अभ्यास केलेलाच नव्हता. २००१ साली टनाका आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून प्रौढांसाठी २०८ वजा वयाचे सात-दशांश असे सूत्र काढले. पण तेही सरासरीचे. एकाच वयाच्या प्रौढांतही कमाल ठोके सरासरीपासून दहा-बारा इकडे-तिकडे सहज असतात आणि काहींचे वीसही.

मुलांच्या बाबतीत तर वय वजा करण्याला अर्थच उरत नाही. दहा ते सोळा वर्षांत कमाल ठोके साधारण २०० च्या आसपास राहतात, दर वर्षी एकेकाने उतरत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीचे ठोके २१० भरले म्हणून तिला आजारी समजणे, किंवा १९० च्या वर जात नाहीत म्हणून तिला कामचुकार समजणे, हे दोन्ही अन्याय एका वजाबाकीने घडतात. यापेक्षा जुनी कसोटी चांगली: सोबत्याशी सलग वाक्य बोलता येत असेल तर श्रम बेताचे आहेत, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त आहेत. धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर मात्र कोणतेही सूत्र न पाहता थांबवावे आणि डॉक्टरकडे न्यावे.

दहा टक्के आणि भरपूर पाणी

आठवड्याला १० टक्के वाढीचा नियम चक्रवाढ व्याजाच्या गणितासाठी उत्तम आहे. आठवड्याला १० किलोमीटरपासून सुरुवात करून वर्षभर नियम पाळला, तर ५२ आठवड्यांनी १४०० किलोमीटरच्या पुढे जावे लागेल! उलट २ किलोमीटर धावणाऱ्याला तो केवळ २०० मीटर वाढू देतो. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर या नियमाची परीक्षा झाली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. नियम पाळणाऱ्या गटात आणि नेहमीच्या, थोड्या वेगाने वाढणाऱ्या गटात जखमींचे प्रमाण सारखेच निघाले, साधारण पाचात एक. म्हणजे हवे तसे वाढवावे असे नव्हे; दोन्ही गट क्रमाक्रमानेच वाढत होते. क्रम महत्त्वाचा आहे, १० हा आकडा नाही. वाढत्या वयात गुडघ्याखालच्या आणि टाचेच्या हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात. तेथे दुखू लागले की अंतर कमी करायचे, मग टक्केवारी काहीही सांगो.

‘तहान लागण्याआधी, जमेल तितके पाणी प्या’ या सल्ल्याचेही तसेच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या दिशेने उतरलेले आढळले. पाणी जास्त पिणे आणि शर्यतीत वजन वाढणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. आपल्याकडच्या उन्हात पाणी न मिळण्याचा धोका मोठा आहे, म्हणून मैदानावर पाणी हवेच आणि मुलांना मागाल तेव्हा प्यायची मोकळीक हवी. पण ‘संपवलेच पाहिजे’ अशी सक्ती नको.

टिकणारे सल्ले

सगळेच सल्ले टाकाऊ आहेत असे नाही. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव करावा, हा सल्ला परीक्षेला उतरतो. त्या वेळी पाय जड वाटतात, शरीर तापलेले असते, श्वासाची आणि पावलांची लय बदलावी लागते. सायकलनंतरचे धावणे थोडे महाग पडते, असे प्राणवायूच्या मापनांत दिसले आहे. शर्यतीत जे करायचे त्याचा थोडा-थोडा सराव आधी करावा, हे तर्कालाही धरून आहे. बरेचसे श्रम बेताचे आणि थोडेच जोराचे ठेवावेत, झोप पुरी घ्यावी, हेही टिकते. गंमत अशी, की टिकणाऱ्या सल्ल्यांत आकडे थोडे असतात आणि ‘आपापल्या मानाने’ हे शब्द असतात.

वर्गात काय करता येईल

हा सारा विषय वर्गात आणता येतो. मुलांनी आपापल्या सायकलचे दाते मोजावेत, परीघ दोरीने मोजावा आणि एका फेरीतले अंतर काढावे. शाळेजवळच्या चढाची उंची नकाशावरून काढून प्रत्येकाने आपली शक्ती वॅटमध्ये मांडावी. सर्वांनी एकाच वेगाने दोन मिनिटे धावून लगेच नाडी मोजावी आणि चाळीस मुलांचे आकडे फळ्यावर मांडावेत. एकाच वयाच्या, एकच काम केलेल्या मुलांचे आकडे किती पसरलेले आहेत ते पाहिल्यावर ‘२२० वजा वय’ याबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. पाचगणीच्या शाळेत उकळत्या पाण्यात तापमापी धरली तर पारा ९६ अंशांच्या आसपास थांबेल, वाईच्या शाळेत ९७-९८ वर. दोन शाळांनी एकमेकींना पत्राने आपली मापे कळवावीत. मग मुलांना एक प्रश्न विचारावा: पाण्याच्या उकळण्यालाही जागेची अट असते, तर तुमच्या पायांना का नसावी?

आकड्यात न बसणारे मूल बहुधा तक्रार करत नाही. ते मुकाट्याने असे समजते, की आपल्यातच काही कमी आहे, आणि मैदानावर येणे बंद करते. सल्ल्याच्या अटी सांगणारा शिक्षक त्याला एवढेच सांगत असतो, की हे माप दुसऱ्या कोणाचे तरी आहे. तुझे माप आपण घेऊ या. शारीरिक शिक्षण आणि विज्ञान या दोन तासिका वेळापत्रकात वेगळ्या असतात. सायकलवरून उभ्याने घाट चढणाऱ्या त्या मुलासाठी मात्र त्या दोन्ही शिक्षकांनी एकदा एकत्र बसले पाहिजे.